विझ जोन्स : पबमागच्या खोलीतला ब्लूज

सहावी_तार (धागाकर्ता) · रविवार, सकाळी ९:१२

३० मे २०१२, बर्लिनचं ऑलिम्पिक स्टेडियम. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन मंचावर येतो आणि स्वतःची डझनावारी हुकमी गाणी बाजूला ठेवून भलत्याच कुणाच्या तरी गाण्याने सुरुवात करतो. गाणं 'व्हेन आय लीव्ह बर्लिन', १९७३ सालचं. तेव्हा बर्लिनची भिंत उभी होती आणि पडायला अजून सोळा वर्षं होती. गाणं लिहिणारा विझ जोन्स नावाचा इंग्रज. स्टेडियमभर हे गाणं घुमलं तेव्हा तो ७३ वर्षांचा होता आणि पबच्या मागच्या, नाहीतर वरच्या खोलीत मूठभर माणसांपुढे वाजवून पोट भरत होता.

मी या माणसापर्यंत पोचलो ते उलट्या वाटेने. चाळिशी उलटल्यावर गिटार हातात घेतली. कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) धरून झगझग करायचा कंटाळा आला म्हणून बोटांनी तारा छेडायला लागलो, आणि मग जो वाजवणारा आवडेल त्याने ते कुणाकडून उचललं हे शोधत मागे जायचा नाद लागला. 'रोलिंग स्टोन्स'च्या कीथ रिचर्ड्सच्या आत्मचरित्रात आर्ट कॉलेजच्या दिवसांत हे नाव. राल्फ मॅकटेलकडे गेलो, हेच नाव. रॉड स्टुअर्टच्या फाटक्या दिवसांत पुन्हा हेच. तीन गावांच्या तीन एसट्या एकाच फाट्यावर थांबतात म्हटल्यावर त्या फाट्यावर उतरून बघावंच लागतं.

खरं नाव रेमंड रोनाल्ड जोन्स. जन्म २५ एप्रिल १९३९, लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनजवळच्या थॉर्नटन हीथचा. पोरवयात जादूच्या प्रयोगांचं वेड होतं, म्हणून आईने 'बीनो' या कॉमिकमधल्या 'विझी द वझ' नावाच्या पात्रावरून 'विझी' म्हणायला सुरुवात केली. ते जन्मभर चिकटलं.

१९५६ मध्ये लॉनी डोनेगनचं 'रॉक आयलंड लाइन' गाजलं आणि ब्रिटनभर स्किफलची साथ आली. चहाच्या रिकाम्या खोक्याला झाडूची दांडी आणि दोरी बांधली की झाला बेस. कपडे घासायच्या पन्हळी पत्र्यावर बोटांत अंगुस्तानं घालून खरवडलं की झाला ताल. आणि एक गिटार. पैसा नाही, शिक्षक नाही, तरी गल्लीगल्लीत बँड. विझचाही निघाला, १९५७ मध्ये, 'द रँगलर्स'. यातली बहुतेक पोरं दोनेक वर्षांत नोकरीला लागली किंवा विजेच्या गिटारीकडे वळली. विझ मात्र लंडनच्या सोहो भागात वॉर्डर स्ट्रीटवर 'राउंडहाउस' नावाच्या पबमध्ये जाऊन बसू लागला. तिथे अलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस ब्लूजचा क्लब चालवत. अमेरिकेहून आलेले काळे कलाकार तिथे हाताच्या अंतरावर बसून वाजवत. त्यात बिग बिल ब्रूंझी होता. ब्रूंझीचा उजवा अंगठा जवळून बघणं हेच विझचं विद्यापीठ.

या अंगठ्याबद्दल थोडं सांगतो. बोटांनी गिटार वाजवायच्या बऱ्याच शैलींत अंगठा दोन जाड तारांवर आलटूनपालटून पडतो, धिम-ता धिम-ता. ब्रूंझी पुष्कळदा तसं करत नसे. तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा जिथे गिटारच्या अंगाला बसतात ती पट्टी) टेकवून जाड तार अर्धवट दाबायची आणि अंगठ्याने एकाच तारेवर ठोकत राहायचं. धप धप धप धप. सूर कमी, ठोका जास्त. वरच्या तारांवर बाकीच्या बोटांनी वाटेल तो खोडसाळपणा करा, खाली अंगठा हलत नाही. ऐकायचं असेल तर त्याचं 'हे हे' ऐका. एरिक क्लॅप्टनने १९९२ च्या 'अनप्लग्ड' अल्बममध्ये हेच वाजवलंय, म्हणजे तुम्ही ते ऐकलेलं असण्याची शक्यता आहेच. विझचं वाजवणं या मातीतलं. गुळगुळीत नाही. तार जोरात ओढून सोडायची, अकूस्टिक गिटारवर इतर लोक बिचकतात तिथेही ती वर ताणायची.

आता न्यूकीचा किस्सा. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचं हे सुट्टीला जायचं गाव. १९६० मध्ये तिथे काही लांब केसवाली पोरं येऊन राहिली होती. गावाला ती नकोशी झाली आणि पबवाले त्यांना दारात उभं करेनात. बीबीसीच्या 'टुनाइट' कार्यक्रमाचा अॅलन व्हिकर कॅमेरा घेऊन पोचला. त्या चित्रफितीत खांद्यापर्यंत केस आणि दाढी असलेला विझ गिटारवर एक गाणं म्हणतो : केस लांब असतील तर न्यूकीत दिवस कठीण. शांतपणे, किंचित हसत. बीटल्सचं पहिलं गाणं यायला तेव्हा दोन वर्षं होती. लांब केस म्हणजे काय प्रकरण होतं, ते व्हिकरचे प्रश्न ऐकूनच कळतं.

मग रस्ता. लंडनचा लेस्टर स्क्वेअर, ब्रायटन, पॅरिस. समोर टोपी मांडायची आणि वाजवायचं. रॉड स्टुअर्ट काही काळ त्याच्यासोबत असाच वाजवत हिंडला. सिडकपच्या आर्ट कॉलेजात विझ डोकवायचा तेव्हा तिथे शिकणाऱ्या कीथ रिचर्ड्सने त्याचा हात पाहून ठेवला. आणि राल्फ मे नावाच्या क्रॉयडनच्याच पोराला त्याने सुचवलं की बाबा, अमेरिकन ब्लूज गायक ब्लाइंड विली मॅकटेलचं आडनाव लाव. तोच पुढे 'स्ट्रीट्स ऑफ लंडन'वाला राल्फ मॅकटेल.

बँजोवाल्या पीट स्टॅन्लीबरोबर तो काही वर्षं ब्लूग्रास (अमेरिकेतलं बँजो-फिडलचं जलद लोकसंगीत) वाजवत होता. त्यांचा 'सिक्स्टीन टन्स ऑफ ब्लूग्रास' १९६६ मध्ये आला. स्वतःचा पहिला अल्बम १९६९ मध्ये, वयाच्या तिशीत. १९७० मध्ये ब्रिस्टलच्या 'व्हिलेज थिंग' या छोट्या कंपनीकडून 'द लेजेंडरी मी' ('दंतकथा झालेला मी', आणि ओळखतं कोण, तर कुणीच नाही! नाव ठेवावं तर असं). १९७२ मध्ये सीबीएससारख्या मोठ्या कंपनीकडून 'राइट नाऊ'. निर्माता गिटारवादक जॉन रेनबोर्न. तोही फार चालला नाही. त्यानंतर मोठ्या कंपनीचं दार काही पुन्हा उघडलं नाही.

पुढची चाळीसेक वर्षं मी दोन ओळींत उरकतो, कारण ती तशीच गेली : जर्मनीत बांधलेला श्रोता, छोट्या कंपन्यांच्या तबकड्या, घरच्यांबरोबर 'लेझी फार्मर' नावाचा बँड, फोक क्लब, गाडी, पुन्हा फोक क्लब. २७ एप्रिल २०२५ ला तो गेला. ८६ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते.

इथे कुणी हे संगीत ऐकतं का? असाल तर बोला.

अबोली_२२ · रविवार, सकाळी १०:०५

पहिला प्रतिसाद माझा! छान लिहिलंय. एसटीचा फाटा आवडला.
एक बाळबोध प्रश्न विचारू का? ब्लूज म्हणजे नक्की काय? मला सगळीच इंग्रजी दुःखी गाणी ब्लूज वाटतात.

खर्जातला_सा · रविवार, सकाळी ११:३०

अबोलीताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही.

दुःख हा विषय झाला, ब्लूज हा साचा आहे. बारा मात्रांचं आवर्तन समजू नका, बारा 'बार' आहेत आणि प्रत्येकात चार ठोके. पहिले चार बार घरच्या कॉर्डवर, दोन चौथ्या स्वराच्या कॉर्डवर, दोन परत घरी, मग एक पाचव्यावर, एक चौथ्यावर आणि शेवटचे दोन घरी. शब्दांचाही साचा ठरलेला : एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. अस्ताई घोळवून घोळवून म्हणावी आणि मग पुढे सरकावं, तसं. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत गाणाऱ्याला तिसरी ओळ सुचते, असंही म्हणतात. :)

आणि स्वर. ब्लूजचा गंधार ना धड कोमल, ना धड शुद्ध. कोमल गंधारावर तार दाबायची आणि शुद्धाच्या दिशेने ढकलायची, पण पोचू द्यायची नाही. त्या मधल्या जागेत सगळी गंमत. पियानोवर ती जागाच नाही, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम दाबतात. आपल्या कानाला हे नवं वाटू नये. दरबारीचा गंधार पेटीवर सापडत नाही, तो याच जातीचा त्रास.

अबोली_२२ · रविवार, सकाळी ११:४१

अरे वा! हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. धन्यवाद.

उंटावरचा · रविवार, दुपारी १:१५

लेख बरा आहे, पण स्पष्ट बोलतो. पासष्ट वर्षं वाजवून माणूस पबच्या मागच्या खोलीतच राहिला, त्याच्याबरोबर फुटपाथवर बसणारा रॉड स्टुअर्ट 'सर' झाला, आणि त्याच्याकडून चार गोष्टी उचलणारा रिचर्ड्स रोलिंग स्टोन्समध्ये गेला. याला करिअर म्हणायचं? चाललं नाही असं सरळ म्हणा की. 'दुर्लक्षित थोर कलावंत' हा मराठी माणसाचा आवडता छंद आहे. जो चालला नाही तो आपोआप थोर.

सहावी_तार · रविवार, दुपारी २:०२

उंटावरचे साहेब, 'थोर' हा शब्द मी एकदाही वापरलेला नाही. वर जाऊन बघा.

चाललं नाही हे मान्यच आहे. सीबीएसची तबकडी पडली हे मीच लिहिलंय. पण मला दुसऱ्याच गोष्टीचं कुतूहल आहे. १९५७ पासून पुढे पासष्ट-सहासष्ट वर्षं माणूस तेच काम करत राहिला आणि त्यावरच जगला. गाण्यांची फॅशन किती वेळा बदलली त्या काळात! विजेची गिटार आली, सायकेडेलिक आलं, पंक आलं, डिस्को आलं, सिंथेसायझर आले. याचा अंगठा आपला धप धप धप धप. ज्यांचं 'चाललं' त्यांतले किती जण वयाच्या ऐंशीतही महिन्याला इतके कार्यक्रम करत होते?

उंटावरचा · रविवार, दुपारी २:२०

हट्टाला यश म्हणायची नवी पद्धत. ठीक आहे.

टेम्सकाठी · रविवार, सायंकाळी ५:४८

इथे मला बोलावंच लागेल. इंग्लंडात येऊन अठरा वर्षं झाली, आणि विझला मी ऐकलंय, जॉन रेनबोर्नबरोबर. २०१२ पासून रेनबोर्न जाईपर्यंत ते दोघं जोडीने हिंडत होते, त्या काळात.

उंटावरचे साहेब, तुम्ही 'पबची मागची खोली' हे हिणवून म्हणताय, म्हणून ती कशी असते ते सांगतो. पबच्या जिन्याने वर जायचं. घडीच्या खुर्च्या. दारात एक आजी रोकडा पत्र्याच्या डब्यात घेऊन हातावर शिक्का मारते. कार्यक्रमाआधी गावातलेच दोन-तीन जण एकेक-दोन दोन गाणी म्हणतात, कुणी बरं, कुणी भयाण, पण टाळ्या सगळ्यांना सारख्या. मध्यंतरात लॉटरीची तिकिटं फाडतात, बक्षीस म्हणजे वाइनची बाटली नाहीतर बिस्किटांचा डबा. त्या पैशातून पुढच्या पाहुण्याचं मानधन निघतं. माइक असला तर असतो. कलाकार दोन हातांवर बसतो. गाणं चालू असताना कुणी बोललं तर मागचा माणूस खांद्यावर टिचकी मारतो. आपल्याकडच्या जुन्या गाण्याच्या बैठका कशा असायच्या ते वडिलांकडून ऐकलेलं, ते मला त्या जिन्यावर आठवलं. पानाचा डबा तेवढा नव्हता.

रेनबोर्न म्हणजे 'पेंटँगल' या फोक बँडचा. नाजूक, सगळं मोजूनमापून. विझ त्याच्या शेजारी म्हणजे जात्यावरच्या ओव्या. रेनबोर्न महिरपी काढायचा आणि विझ खाली तो एकच ठोका धरून. अधूनमधून रेनबोर्न त्याच्या हाताकडे बघत असे, ते मला जास्त लक्षात राहिलंय. आणि दोघं एकमेकांची टर उडवत होते ते वेगळंच.

मार्च २०१५ मध्ये ग्लासगोला दोघांचा कार्यक्रम होता. रेनबोर्न पोचलाच नाही. स्कॉटलंडमधल्या हॉइक गावी घरी तो मृत सापडला. दोघांचा 'जॉइंट कंट्रोल' हा अल्बम त्यानंतर, २०१६ मध्ये निघाला.

अबोली_२२ · रविवार, सायंकाळी ६:१०

बिस्किटांचा डबा :) शेवटचा परिच्छेद वाचून मात्र गप्प झाले.

निळावंती · रविवार, रात्री ९:३७

उशिरा आले, पण मला यातली एक गोष्ट टोचते आणि ती कुणीच बोललेलं नाही. ब्लूज हे मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांवर राबलेल्या काळ्या माणसांचं गाणं. ज्यांच्या आजी-आजोबांनी गुलामी भोगली त्यांचं. क्रॉयडनच्या गोऱ्या पोराने ते उचलायचं, त्याच्यावर पासष्ट वर्षं जगायचं, आणि आपण त्याच्या 'निष्ठे'चं कौतुक करायचं? ब्रूंझीचं नाव लेखात येतं ते विझचं विद्यापीठ म्हणून. ब्रूंझीचं स्वतःचं काय झालं?

खर्जातला_सा · रविवार, रात्री १०:२०

निळावंती, रास्त प्रश्न आहे आणि ब्रूंझीची गोष्ट यात जास्त गुंतागुंतीची आहे.

१९३० च्या दशकात ब्रूंझी शिकागोत झकास सूट घालून, बँड घेऊन, शहरी ब्लूज रेकॉर्ड करणारा माणूस होता. खपणारा कलाकार. १९५१ मध्ये तो युरोपात आला तेव्हा गोऱ्या श्रोत्यांना शहरी बँडवाला नको होता. त्यांना हवा होता शेतावरून थेट आलेला, एकटा गिटार घेऊन बसणारा 'अस्सल' काळा. ब्रूंझी हुशार होता. त्याने त्यांना तो दिला. म्हणजे विझसारख्या पोरांनी राउंडहाउसमध्ये जे 'मूळ' म्हणून डोळ्यांत साठवलं, त्यात थोडं त्यांच्याच मागणीवरून सजवलेलं होतं. महोत्सवात शहरी लोकांना लावणी ऐकवायची तर नऊवारी अमुकच, आंबाडा तमुकच, असं असतं ना? फडावर रोज नाचणारीला विचारलं तर ती हसेल.

याची दुसरी बाजू १९५८ मध्ये दिसली. मडी वॉटर्स इंग्लंडात आला तो विजेची गिटार घेऊन, शिकागोत रोज वाजवायचा तशी. काही लोकांनी कान झाकले, हे काय अस्सल नाही म्हणून. पुढच्या खेपेला, १९६३ मध्ये, तो शहाणा होऊन साधी गिटार घेऊन आला, तर तोवर इथल्या पोरांनाच विजेची हवी झाली होती!

निळावंती · रविवार, रात्री १०:४५

हे माहीत नव्हतं. पण यात माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही, फक्त तो आणखी कडवट झाला. ब्रूंझी १९५८ मध्ये घशाच्या कॅन्सरने गेला ना? ज्यांनी पाहिलं ते पुढची साठ वर्षं वाजवत राहिले.

सहावी_तार · रविवार, रात्री ११:१५

हो, ऑगस्ट १९५८ मध्ये.

निळावंती, मी याच्याशी वाद घालणार नाही. एवढंच म्हणेन की या व्यवहारात कुणाचा हिस्सा किती हे बघताना विझसारखे लोक आणि स्टेडियमवाले लोक एका पारड्यात टाकू नयेत. ब्लूजवर ज्यांनी विमानं विकत घेतली त्यांचा हिशेब वेगळा. टेम्सकाठींनी सांगितलेला बिस्किटांचा डबा वेगळा. आणि विझ कधी मिसिसिपीचा आव आणून गायला नाही. त्याचा गळा अगदी दक्षिण लंडनचा आहे, उच्चारासकट. त्याच्या बऱ्याच गाण्यांचे शब्द त्याचा मित्र अॅलन टनब्रिज याचे. त्यांत कापूस नाही, पॅरिसहून दक्षिणेला जाणारा 'नॅशनल सेव्हन' रस्ता आहे, अंगठा दाखवून गाडी थांबवणं आहे. टनब्रिजनेच त्याच्या काही तबकड्यांची वेष्टनंही रंगवली.

हे उत्तर पुरं पडतं असं मीही म्हणत नाही.

उंटावरचा · सोमवार, सकाळी ८:०३

काल रात्री त्या न्यूकीच्या चित्रफितीपर्यंत पोचलो. व्हिकर आंघोळीवरून आणि कामधंद्यावरून उलटतपासणी घेतल्यासारखा विचारतोय, आणि हा पोरगा न चिडता उत्तरं देतो. आवडलं. करिअरबद्दलचं मत कायम आहे.

मिरचीकोरडी · सोमवार, सकाळी ९:५०

वाचनखूण साठवली. अवांतर : गिटार कुठली वाजवायचा? फोटोत प्रत्येक वयात तीच दिसतेय.

सहावी_तार · सोमवार, सकाळी १०:१०

एपिफोन टेक्सन, साठच्या दशकातली. तीच. पॉल मॅकार्टनीने 'यस्टरडे' वाजवलं ते याच मॉडेलवर. विझची इतकी घासलेली होती की पॉलिश कुठे संपतं आणि लाकूड कुठे सुरू होतं कळू नये. मुलगा सिमियन सॅक्सोफोन, बासरी आणि माउथ ऑर्गन वाजवतो, बापाबरोबर बऱ्याचदा असायचा. २०१७ मध्ये पीट बेरीमन धरून तिघांचा 'कम व्हॉट मे' आला. राल्फ मॅकटेलबरोबरही २०१६ आणि २०१७ मध्ये दोन अल्बम केले. पहिल्याचं नाव 'अबाउट टाइम', दुसऱ्याचं 'अबाउट टाइम टू'. पन्नास वर्षांच्या मैत्रीनंतर 'आता तरी वेळ आली' म्हणून एक काढला, मग आणखी एक.

सतारीचा_पडदा · सोमवार, दुपारी ३:३०

या पिढीबद्दल बोलताय आणि डेव्ही ग्रॅहमचं नाव नाही? त्याच्याशिवाय ब्रिटिश अकूस्टिक गिटारीची गोष्ट म्हणजे मिठाशिवाय पिठलं. आई गयानाची, बाप स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा. त्याचं 'अँजी' १९६२ मध्ये तबकडीवर आलं आणि पुढे प्रत्येक शिकाऊ पोराने ते घोकलं. गिटारवाला बर्ट जॅन्शही त्यातलाच. ग्रॅहम मोरोक्कोत हिंडून आला आणि गिटार वेगळ्याच पद्धतीने जुळवायला लागला. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत डी, ए, डी, जी, ए, डी. सरगमीत म्हणाल तर सा, प, सा, म, प, सा. नुसता हात फिरवला तरी तानपुऱ्याची आठवण येते. १९६३ मध्ये त्याने 'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर' हे आयरिश लोकगीत या जुळणीवर वाजवलं, त्याची सुरुवात सरळसरळ आलापीसारखी आहे. सतार ऐकून ऐकून त्याचा कान तसा झाला होता.

माझ्या मते खरा क्रांतिकारक तो. विझ म्हणजे परंपरा सांभाळणारा. दोन्ही लागतात, पण लेख ग्रॅहमवर हवा होता.

सहावी_तार · सोमवार, दुपारी ४:०५

मग लिहा ना! मी पहिला प्रतिसाद टाकीन.

क्रांतिकारकांवर पुस्तकं निघतात हो. मला ती जमात बघायची होती जी क्रांती झाल्यावरही रात्री आठ वाजता त्याच खोलीत हजर असते.

टेम्सकाठी · सोमवार, सायंकाळी ६:२०

सतारीचा_पडदा यांना अनुमोदन, आणि एक पुस्ती. ग्रॅहम, जॅन्श, रेनबोर्न ही मंडळी सोहोतल्या ग्रीक स्ट्रीटवर ४९ नंबरच्या तळघरातल्या 'ले कझन' क्लबात वाजवायची. १९६५ मध्ये तो सुरू झाला. शनिवारी पहाटेपर्यंत चालायचं. जॅन्शकडे तर पहिल्या अल्बमच्या वेळी स्वतःची धड गिटारही नव्हती, मागून आणलेल्या गिटारींवर तो झाला. यातले आता बहुतेक सगळे गेले. ग्रॅहम २००८ मध्ये, जॅन्श २०११ मध्ये, रेनबोर्न २०१५ मध्ये. विझ या तिघांहून वयाने मोठा आणि तिघांच्याही नंतर गेला.

आणि जो अॅन केली हे नाव कुणीतरी घ्यायला हवं होतं. गोऱ्या बाईच्या गळ्यातून इतका खरबरीत ब्लूज ऐकून लोक दचकायचे. १९९० मध्ये गेली, फक्त ४६ वर्षांची.

निळावंती · सोमवार, रात्री ८:५५

जो अॅन केली ऐकली. एकापाठोपाठ एक पाच गाणी. माझा आक्षेप मागे घेत नाहीये, पण सहावं लावलंय.

मिरचीकोरडी · मंगळवार, सकाळी ७:४०

धागा वर काढतेय. माझ्याकडे भाच्याची गिटार पडून आहे. तो ब्रूंझीवाला अंगठा घरी बसून शिकता येईल का? क्लासात विचारलं तर सर म्हणाले आधी सिनेमाची गाणी, मग बघू.

सहावी_तार · मंगळवार, सकाळी ८:२५

येईल. चिकाटी हवी फक्त. मी असा केला :

आधी डावा हात विसरा. उजव्या तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजवर अशी टेकवा की सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार अर्धी गुदमरेल. सूर ऐकू आला पाहिजे, पण घुमायला नको. 'टंऽऽ' नको, 'टप्' हवा. मोबाइलवर मेट्रोनोम साठावर लावा आणि अंगठ्याने प्रत्येक ठोक्याला ती एकच तार. पाच मिनिटं. दुसरं काही नाही. कंटाळा येईल, येऊ द्या.

मग तर्जनीने पहिली तार ठोक्याबरोबर वाजवा. हे सोपं. नंतर तीच दोन ठोक्यांच्या मध्ये. इथे अंगठा हमखास गोंधळतो आणि तर्जनीच्या मागे धावतो. त्याला धावू द्यायचं नाही. डग्ग्यावरचा हात जसा चाटीवरच्या बोटांची वाट बघत नाही, तसं. मला या पायरीवर तीन आठवडे लागले.

ते बसलं की डाव्या हाताने पहिल्या तारेचा तिसरा पडदा दाबा आणि किंचित वर ढकला. हाच खर्जातला_सा यांचा ना कोमल ना शुद्ध गंधार. खाली टप् टप् टप् टप् चालूच.

खर्जातला_सा · मंगळवार, सकाळी ९:०२

साठ फार जलद वाटलं तर पन्नासावर ठेवा. आणि मोठ्याने मोजा, मनात नाही.

मिरचीकोरडी · बुधवार, रात्री १०:१८

काल वीस मिनिटं, आज अर्धा तास. दुसऱ्या पायरीवर आहे. अंगठा तर्जनीच्या मागे धावतोय. आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, नळ गळतोय का गं?

सहावी_तार · बुधवार, रात्री १०:२६

नळासारखा वाजतोय म्हणजे अंगठा बरोबर चाललाय. तर्जनीकडे लक्ष देऊ नका.